कान असलेलं मेंडोलिन

रघुनंदन म्हणजे देवमाणूस. इथं कानडी मुलखात, हेब्बाळच्या आमच्या मराठी मंडळात कुणालाही विचारा. गातो गोड, वाकून नमस्कार करतो, बायकांना अक्का म्हणतो. आणि त्याच्यासोबत मेंडोलिन वाजवणारी मी, सत्यवती, म्हणजे तोंडाळ.

भर कार्यक्रमात, दोन कडव्यांच्या मध्ये, हा देवमाणूस हसत माझ्याकडे कलायचा. लोकांना वाटायचं, काय कौतुक करतोय! आणि तो माझ्या कानाशी म्हणायचा, "बोटं आहेत की लाटणी? घरी जाऊन चपात्या लाट." हसू जागच्या जागी. माझा पुढचा तुकडा चुकायचा, की हा माइकवर, "आमच्या अक्कांना जरा सांभाळून घ्या हं!" टाळ्या त्याला. मेल्याचा गळा दाबावासा वाटायचा.

शेवटी मी अध्यक्ष नरसिंहरावांकडे तक्रार घेऊन गेले. "छे छे! रघू आणि असं बोलेल? सत्यवती, तुला भास होत असेल," म्हणाले. भास! घरी येऊन रडले, आणि मग रडल्याचाच जास्त राग आला. एकदा, फक्त एकदा, याचं खरं तोंड सगळ्यांना ऐकू यायला हवं होतं.

त्यात त्यानंच सर्वांसमोर फर्मान काढलं, "अक्कांचं वाद्य मागे ऐकूच जात नाही. इलेक्ट्रिक घ्या." सरी, ठीक आहे, म्हटलं. घेते.

वाद्यांच्या दुकानातल्या भव्या नावाच्या मुलीनं एकेक मेंडोलिन स्पीकरला जोडून दाखवलं. तारांखालचा पिकअप तारांचा आवाज पकडतो आणि स्पीकरला देतो, एवढंच त्याचं काम. काळं छान वाजलं, पिवळं त्याहून छान. मग लाल मांडीवर घेतलं आणि "अय्यो, केवढं जड!" असं पुटपुटले, तर माझंच पुटपुटणं स्पीकरमधून दुकानभर घुमलं.

भव्या ओशाळली. "सॉरी अक्का, याच्या पिकअपमध्ये मेण भरायचं राहिलंय. जवळ बोललेलंही पकडतो. स्वल्प थांबा, बदलून देते."

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "हेच हवंय."

"अक्का, शेजारचा शिंकला तरी ऐकू येईल!"

"शिंकू दे की गं त्याला."

मंडळाच्या वर्धापनदिनाला हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत, मधोमध, नरसिंहराव. पहिलं कडवं संपलं आणि मी मुद्दाम एक सूर घसरवला. ठणठणीत घसरवला. रघुनंदन हसत कलला. मी तळहातानं तारा दाबल्या आणि करंगळीनं आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं.

"म्हशी," तो एका दमात म्हणाला, "तुला आणि त्या बहिऱ्या नरसिंहरावला एकाच गोठ्यात बांधायला हवं. दोघांनाही सूर कशाशी खातात ते माहीत नाही."

दोन्ही स्पीकरमधून शब्दन् शब्द गेला. अगदी मागच्या खुर्चीपर्यंत. तबला थांबला. रघुनंदनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, त्याला ते आवरायचंही सुचेना. काय सांगू, असं गार वाटलं मला!

नरसिंहराव उठून उभे राहिले. कानापर्यंत लाल. "हे... हे काय बोलला हा?"

मी माइक पुढे ओढला.

"काही नाही हो अण्णा," मी गोड आवाजात म्हटलं. "तुम्हाला भास होत असेल."