भिंत पाडली तेव्हा आई मावशीकडे होती

आईची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण घरात ती कुणाचा हात धरत नसे. खोलीतून निघायचं, डावा तळवा बोळाच्या भिंतीला लावायचा, की अकरा पावलांवर स्वयंपाकघर. ती महिनाभर मावशीकडे राहायला गेली आणि लेकाने मनावर घेतलं, तेवढ्यात बोळाची भिंत पाडून घर मोकळं करून टाकू.

घण उचलण्याआधी गवंड्याने खोदून खोदून विचारलं. आतून पाइप जातो का? वायर कुठून नेलीय? वरचा भार हिच्यावर नाही ना? लेकाने सगळं तपासून घेतलं होतं.

"आणि घरातल्यांना विचारलंत?"

"आईला आल्यावर कळेलच की. खूश होईल."

भिंत दोन दिवसांत गेली. बोळ उरलाच नाही. बायको म्हणाली, "आता कसं ऐसपैस वाटतंय!"

आई परतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीबाहेर आली, हात पुढे केला आणि थबकली. लेक धावणार तोच ती चालू लागली. तळवा हवेत सपाट, बोटं किंचित मागे वाकलेली, टेकल्यावर वाकतात तशी.

"आई, भिंत नाहीये तिथे. पाडली आम्ही."

"गार लागतेय की हाताला," आई म्हणाली. "आणि हळू बोल. पलीकडे तुझ्या बाबांचा आत्ता कुठे डोळा लागलाय."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. शेवटच्या आजारात त्यांची खाट भिंतीपलीकडे होती, हे लेक साफ विसरला होता.

त्याने गवंड्याला परत बोलावलं. नवी भिंत उभी राहिली, पण जुन्या जागी फरशी बसवून झाल्यामुळे वीतभर बाजूला. आईने तिच्यावरून हात फिरवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"ही कुणाच्या घरातली?"

त्यानंतर ती एकटी कधी चालली नाही. "ने रे मला," अशी हाक मारते. लेक हात धरून नेतो. एका जागी मात्र ती त्याला हिसका देऊन बाजूला ओढते. "अरे, खाटेला धक्का लागेल."

सुरुवातीला तो समजूत घालायचा. आता एकटा असला, तरी तिथून वळसा घालूनच जातो.