भिंतीपलीकडची रजई

लालसिंग शहाळं घेऊन वॉर्डात परत आला तेव्हा बायकोच्या, जमनाबाईच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं. लालसिंगने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग हे शहाळं?"

लालसिंगने शहाळं शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला दिलं. फोडलेलं शहाळं ठेवून चालत नाही.

नांदेडहून तिला घेऊन गाडी थेट डोंगरकडा गावाजवळ, त्यांच्या तांड्यावर गेली. पुढचं सगळं धाकट्या भावाने, जगनने केलं. बाया एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडल्या. लालसिंग दारातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसून राहिला. लोक येत, शेजारी टेकत, उठून जात. तेरावं झाल्यावर जगन म्हणाला, "दादा, आता हितंच ऱ्हा. खोलीचं भाडं कशाला भरायलास?"

"हळद येऊन राहिली आडतीवर," लालसिंग म्हणाला. "गोण्या कोन शिवंल?"

गोण्या शिवणारे पुष्कळ होते. पण जगनने वाद घातला नाही.

आखाडा बाळापूरच्या कडेला, रस्त्याला लागून दोन खोल्या होत्या. मालक प्रेमानंद हिंगोलीला राहायचा. एका खोलीत लालसिंग आणि जमनाबाई, दुसरीत युसूफ पिंजारी, त्याची बायको हलीमा आणि लेकरं. मधली भिंत एकाच विटेची. युसूफचं कापूस पिंजायचं मशीन त्या भिंतीलाच लागून होतं. ते सुरू झालं की इकडे फळीवरचे डबे थरथरत आणि जमनाबाईचं डोकं उठे. तिला ब्लडप्रेशर होतं. दुपारी घटकाभर पडली की नेमकं मशीन सुरू व्हायचं. मग ती खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलून भिंतीवर तीनदा हाणायची. मशीन थांबायचं आणि भांडण सुरू व्हायचं.

"धंदा करावा का न्हाई मानसानं?" हलीमा पलीकडून ओरडायची.

"कर ना! माझ्या डोक्यात काहून करतीस?"

"अन् तू पहाटं मिरच्या कुटतीस ते? लेकरं दचकून उठतेत माझी!"

"मिरच्या काय दुपारी कुटू? दुपारी तुझं विमान उडत ऱ्हातंय!"

वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. वैर इतकं की भिंतीपलीकडे पिंजारी असून जमनाबाईने आपली रजई हिंगोलीहून भरून आणली होती. आणली ती आणली, वर हलीमाच्या देखत दोरीवर वाळत घातली. हलीमा लेकराला मोठ्याने म्हणाली होती, "दूरच्या पिंजाऱ्याचा कापूस हाय रे बाबा. एका सालात गाठी होतेत बघ." गाठी झाल्या. जमनाबाई गाठींसकट ती पांघरत राहिली, पण बोलली नाही.

शेवटच्या महिन्यांत तिच्यात बत्ता उचलायचं बळ राहिलं नव्हतं. मशीन सुरू झालं की ती नुसती भिंतीकडे बघायची आणि लालसिंग घरी असला की तो उठून हाणायचा. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिने प्रेमानंदला फोन लावला होता. हे मशीन तरी राहील नाहीतर मी तरी. मालक वैतागला. त्याने युसूफला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. जमनाबाईने तक्रार मागे घेतली तरच राहता येईल, म्हणाला. त्यानंतर जमनाबाई नांदेडला गेली, आणि हलीमा-युसूफ लेकरांना घेऊन हलीमाच्या भावाच्या लग्नाला परभणीला.

लालसिंग परतला तेव्हा पलीकडे कुलूप होतं. त्याने झाडून घेतलं. भात टाकला, तो दोघांचा झाला. रजई अंगावर घेऊन तो झोपला. रजईला जमनाबाईच्या डोक्याच्या तेलाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आडतीवरून जेवायला आला. ताटलीत भाकरी घेऊन बसला आणि भिंत घरघरली. डबे थरथरले. लालसिंगने भाकरी ठेवली, उठला, बत्ता उचलला आणि भिंतीवर तीनदा हाणला.

मशीन थांबलं. लालसिंग बत्ता हातात धरून उभा राहिला.

"आली का गे माय जमनाबाई!" पलीकडून हलीमाचा आवाज आला. "आल्याबराबर सुरू! दवाखान्यानं बी काय फरक पडला न्हाई!"

लालसिंगला उत्तर द्यायचं होतं. तोवर हलीमा दारात येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर, केसांत कापसाचे तंतू. ती आत डोकावली.

"कुठं हाय ती?"

"तांड्यावर," लालसिंग म्हणाला.

ते खरंच होतं.

"मंग भिंत कोनी वाजवली?"

"मीच."

हलीमाने कपाळावर हात मारला. "तुमी पन? तुमी गरीब मानूस व्हते भाऊ. बायकोनं चांगलं शिकवून ठेवलं!" ती हसली, मग तिचा चेहरा उतरला. "भाऊ, भांडन ऱ्हाऊ द्या बाजूला. महिना सरत आला. लेकरं साळंत हायेत. एवढं मशीन घेऊन कुठं जावं आमी? जमनाबाईला जरा समजावा. तिनं मालकाला एक शबुद टाकला तर आमचं भागतंय. मी तिच्या पाया पडते, सांगा तिला. दुपारचं मशीन बंद ठिवू, कसम से."

लालसिंगने खिशातून फोन काढला. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "मी लावतो मालकाला."

प्रेमानंदने उचलला. "हां लालसिंग, बोल. बाई बऱ्या हायेत का?"

"मशीनचं बोलायचं व्हतं. ऱ्हाऊ द्या त्यास्नी."

"तू सांगून काय उपेग? तुझ्या बायकोनं माझं डोकं खाल्लंय. तिला दे फोन."

हलीमा लालसिंगच्या तोंडाकडे बघत होती.

"ती बोलत न्हाई," लालसिंग म्हणाला.

"रुसली व्हय? म्हंजी तिची काय हरकत न्हाई ना आता? मागनं पुन्हा मला फोन नको."

"फोन न्हाई येनार."

"बरं बाबा. ऱ्हाऊ देत मंग."

फोन बंद झाला. हलीमाने पदराने डोळे पुसले. "देवमानूस हायेत तुमी. अन् ती बी. तोंडानं फटकळ, पन दिलानं साफ." मग तिची नजर खाटेवरच्या रजईवर गेली. ती आत आली आणि दोन्ही हातांनी रजई चाचपली. "गाठी! म्हनलं व्हतं मी! असली रजई आजारी मानसानं पांघरावी व्हय? द्या इकडं, फिरून पिंजून देतात हे. पैशाचं नाव काढू नका. ती यायच्या आत करू."

लालसिंग "नगं" म्हणाला, पण हळू म्हणाला. रजई हलीमाच्या खांद्यावर गेली होती.

थोड्या वेळाने भिंत पुन्हा घरघरली. युसूफ पलीकडून ओरडला, "भाऊ, तुमच्याच रजईचा कापूस हाय हा! एवढी बारी सहन करा!"

डबे थरथरत राहिले. लालसिंग भिंतीकडे तोंड करून बसला. भाकरी कडक झाली होती, ती त्याने पाण्याबरोबर खाल्ली. बत्ता मांडीजवळ पडला होता. मशीन बराच वेळ चाललं. आडतीवर जायची वेळ टळून गेली तरी तो उठला नाही.

संध्याकाळी तो हलीमाच्या दारात गेला. सांगायचं म्हणूनच गेला होता. युसूफ नमाजला गेला होता. हलीमा रजईला शेवटचे टाके घालत होती. खोळ धुऊन वाळवली होती, कापूस फुलून रजई दुप्पट झाली होती. लालसिंगने खाली बसून तिच्यावर हात फिरवला, वास घेतला. तिला साबणाचा आणि कापसाचा वास येत होता.

"भाभी," तो म्हणाला.

"न्हाई," हलीमा म्हणाली. "तुमच्या हाती न्हाई देनार. ती आली की मी सोता नेऊन तिच्या अंगावर टाकनार. मला बघायचंय तिचं तोंड. कोनाचा कापूस चांगला ते तिनं माझ्यासमोर म्हनायला पायजे, मंग सोडनार मी रजई." तिने दोरा दातांनी तोडला. "कधी येतीय?"

लालसिंगने रजईची कड सारखी केली. मग उठला.

"जेवलात का?" हलीमाने मागून विचारलं. त्याने मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते तिला कळलं नसावं.

आता दुपारी मशीन बंद असतं. लालसिंग जेवायला येतो, डबे हलत नाहीत. बत्ता त्याने खलात ठेवून दिला आहे. रात्री तो धोतर दुहेरी करून पांघरतो. उद्या बाजार आहे. तांड्यावरचे लोक येतील, त्यांतलं कोणीतरी हलीमाकडे उशा भरायला जाईल आणि बोलता बोलता बोलून जाईल. त्याआधी त्याने सांगायला हवं. रजई घडी घालून पलीकडच्या पेटीवर ठेवलेली त्याला येता-जाता दारातून दिसते.

हलीमाला सांगायचं अजून राहिलं आहे.