भट्टीपुढची चाळीस मिनिटं

दुपारी तीनला पावाची शेवटची खेप बाहेर निघाली, की वहिनी भट्टीचं दार बंद करायची आणि धाकटा मागच्या दाराने आपली सायकल आत आणायचा. मागचं चाक स्टँडमध्ये अडकवायचं, खिडकी लावून घ्यायची आणि त्या भाजून काढणाऱ्या खोलीत चाळीस मिनिटं जागच्या जागी पाय मारायचे. सुरू करण्याआधी आणि संपल्यावर पिठाच्या पोत्यांच्या काट्यावर उभं राहायचं. आकडा वहिनी वाचायची.

"एकाहत्तर चारशे," आधी. नंतर, "सत्तर शंभर. सव्वा किलोच्या वर घाम गाळलास. तेवढं पाणी पोटात गेल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

धाकटा चाळिशीला टेकलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पण थोरला भाऊ बेकरीवाला, सगळ्या गल्लीचा दादा, त्यामुळे हा जन्मभर धाकटाच राहिला. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा तो दहावीत होता. त्याच्या गणिताच्या वहीवर सही करणारी तीच, आणि नापास झाल्यावर दोन दिवस सगळ्यांपासून लपवणारीही तीच.

त्याची तयारी चालली होती ती एका शर्यतीची. जवळजवळ दोन किलोमीटर तळ्यात पोहायचं, बाहेर येऊन नव्वद किलोमीटर सायकल मारायची आणि वर एकवीस किलोमीटर धावायचं. तेही समुद्रसपाटीपासून चोवीसशे मीटर उंचीवर, जिथे उन्हाळ्यात सावली औषधालाही सापडत नाही. खाली जो वेग सहज जमतो, तो तिथे छातीत भाता लावल्याशिवाय जमत नाही. म्हणून धाकट्याने वर्षभर नेम धरला होता. पहाटे तलाव, सुट्टीच्या दिवशी घाटात सायकल. कामावर लिफ्ट बंद पडली की हत्यारांची पिशवी घेऊन वीस मजले जिन्याने, तोंड मिटून. "लिफ्टवालाच जिन्याने जातोय, म्हणजे आता आपलं काही खरं नाही," असं म्हणत लोक हसायचे. आता शेवटचे पंधरा दिवस अंगाला उष्णतेची सवय लावायची, आणि मग शर्यतीच्या बारा दिवस आधी वर जाऊन राहायचं, विरळ हवेची सवय व्हावी म्हणून.

मागच्या वर्षी हीच शर्यत दोघा भावांनी मिळून केली होती. धाकट्यानेच दादाच्या मागे लागून त्याला तयार केलं होतं. दादाने बाकी सगळं केलं, उष्णतेचं तेवढं केलं नाही. "मला उन्हाचं काय सांगतोस? भट्टीपुढे उभं राहून माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या," म्हणायचा. धावण्याच्या चौदाव्या किलोमीटरवर तो कोसळला. रुग्णवाहिका आली, बर्फ लावला, पण संध्याकाळ काही त्याने पाहिली नाही.

धाकटा तेव्हा शर्यत संपवून पुढे पोहोचला होता. पाच तास छप्पन्न मिनिटं. आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ.

पुन्हा शर्यतीला उतरतो म्हटल्यावर गल्लीने त्याला डोक्यावर घेतलं. "भावासाठी करतोय," पाव घ्यायला आलेली माणसं एकमेकांना सांगायची. औषधाच्या दुकानदाराने मिठाच्या गोळ्या फुकट दिल्या. एक म्हातारी तर त्याच्या तोंडावरून हात फिरवून रडली. धाकटा मान खाली घालून ऐकून घ्यायचा. लोकांना तो विनय वाटायचा.

नवव्या दिवशी एका वर्तमानपत्राची बातमीदार आली. तरुण, चुणचुणीत मुलगी. तिने भट्टीपुढे त्याचा सायकलवरचा फोटो काढला, काट्याचाही काढला. मग वही उघडून हळूच विचारलं, "वाटेत तुमची दोघांची भेट झाली होती का? शेवटचं काय बोलणं झालं?"

वहिनी कोपऱ्यात साचे पुसत होती.

"झाली होती," धाकटा म्हणाला. "पाण्याच्या टेबलापाशी बसला होता. मला म्हणाला, तू जा पुढे, मी येतो मागून."

हे वाक्य त्याने वर्षभर सगळ्यांना सांगितलं होतं. दवाखान्यात, पोलिसांना, आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला. इतक्यांदा, की त्याच्या कानाला आता ते दादाच्याच आवाजात ऐकू यायचं. मुलीने ते लिहून घेतलं. "मथळा मिळाला," असं पुटपुटली आणि आभार मानून गेली.

तिच्यामागे दार लागलं. वहिनी साचे पुसतच होती. धाकट्याने पाय मारायला सुरुवात केली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नाकावरून घाम टपटप गळत होता. बाराव्या मिनिटाला पाय थांबले.

"वहिनी."

"बोल."

"तो असं म्हणाला नव्हता."

तिने फडकं खाली ठेवलं. वळली मात्र नाही.

"खुर्चीवर बसला होता. लालबुंद. मला बघून हात वर केला आणि म्हणाला, धाकट्या, जरा थांब रे, मला बरं वाटत नाहीये." धाकट्याने नाकावरचा घाम पुसला. "मी घड्याळ बघितलं गं. सहा तासांच्या आत होत होतं माझं. मी म्हटलं, बसू नकोस, बसलास की संपलं. आणि पळालो. थांबलोसुद्धा नाही, पळता पळताच म्हटलं. त्याने दुसऱ्यांदा हाक मारली. तीही ऐकली मी."

वहिनीने खाली ठेवलेल्या फडक्याची घडी घातली.

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाली.

धाकट्याने मान वर केली.

"त्या टेबलावर पाणी देणारी बाई होती ना, ती दवाखान्यात आली होती. तू कागदांवर सह्या करत होतास. तिने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बिचारीला वाटलं, तिचंच चुकलं. एवढा सशक्त माणूस, बसलाय म्हणजे दमला असेल, असं तिला वाटलं होतं."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला इथे येऊ का दिलंस? पंधरा दिवस भट्टी वापरू का म्हणून विचारलं, तर लगेच ये म्हणालीस."

"रोज समोर असलास तर कधी ना कधी बोलशील, असं वाटलं." आता ती वळली. डोळे कोरडे होते, पण चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. "वर्षभर वाट बघितली रे. तुझ्या तोंडून ते खोटं दर वेळी ऐकायचे, आणि दर वेळी वाटायचं, आता सांगेल. आज त्या मुलीनेही वहीत उतरवलं, तेव्हा म्हटलं, संपलं. आता हा नाही सांगणार."

धाकटा सायकलवरून उतरला आणि तिथेच जमिनीवर बसला. वहिनीने पाण्याचा तांब्या आणून त्याच्यासमोर ठेवला. स्वतः पिठाच्या पोत्यावर टेकली.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "तू गेल्यावर त्या बाईने विचारलं, कोण होता तो? तर तुझा दादा हसला म्हणे. म्हणाला, माझा धाकटा भाऊ. बघा कसा पळतोय, आज थांबणार नाही तो."

धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"हे वाक्य तुझं होतं. तुलाच द्यायचं होतं. पण तू खरं बोलल्याशिवाय नाही द्यायचं, असं मी मनाशी धरून बसले. बरोबर केलं की चूक, ते मला आजही कळत नाही."

तो रडला. दादाच्या चितेपुढेही रडला नव्हता असा, लहान मुलासारखा, श्वास अडकेपर्यंत. वहिनीने त्याला जवळ घेतलं नाही आणि गप्पही केलं नाही. त्याचं रडणं ओसरल्यावर म्हणाली, "उद्यापासून इथे नको येऊस."

"वहिनी..."

"रागाने नाही म्हणत. राग आहे, नाही असं नाही. पण रोज त्या काट्यावर तुझा आकडा वाचते ना, तेव्हा मनात एकच येतं. हा इतकी काळजी घेतोय, आणि माझ्या माणसाला कोणी दोन मिनिटं दिली नाहीत. मला नाही झेपत आता ते."

धाकटा सायकल घेऊन निघाला. कोपऱ्यावरूनच त्याने त्या मुलीला फोन लावला. "ते वाक्य छापू नका. खोटं आहे."

"मग खरं काय आहे?"

रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने सगळं सांगितलं. "हे मी नाही छापू शकत," मुलगी म्हणाली. बातमी आलीच नाही. पण मग धाकट्याने स्वतःच सांगायला सुरुवात केली. औषधाच्या दुकानात सांगितलं. त्या म्हातारीला घरी जाऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि उठून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. गल्लीत त्याला बघून गप्प होणारी माणसं वाढली. त्याला ते आधीच्या कौतुकापेक्षा सोसवत होतं.

उरलेले दिवस त्याने आपल्या न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत काढले. वजन करायचं सोडून दिलं. वेळेवर वर गेला, बारा दिवस राहिला आणि शर्यतीला उतरला. पोहणं झालं, सायकल झाली. धावताना पाय चालत होते, पण मन वेग धरेना. त्याने घड्याळ हातातून काढून खिशात टाकलं. सात तास उलटून गेल्यावर तो शेवटाला पोहोचला. गळ्यात पदक घालणाऱ्या माणसाने विचारलं, "पहिल्यांदाच का?" धाकटा पदक सावरत मंडपाकडे चालू लागला.

मंडपाच्या सावलीत बसून त्याने वहिनीला फोन केला. भट्टीवरून निघाल्यापासून पहिल्यांदाच. उचलेल असं वाटलं नव्हतं.

"पोहोचलास?" तिने विचारलं.

"हो."

"उलटीबिलटी? डोकं दुखतंय?"

"नाही. ठीक आहे."

"बरं."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं आणि त्याने काही बदललं नव्हतं.

"घरी कधी येऊ?" त्याने विचारलं.

"आत्ताच नको," वहिनी म्हणाली. "मी कळवीन."

तिने फोन ठेवला. धाकटा बराच वेळ तिथेच बसून राहिला. शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी बूट काढत होतं, कोणाची तरी बायको हसत फोटो काढत होती. ऊन अजून तितकंच कडक होतं. दिवस मावळायला बराच अवकाश होता.