पांढऱ्या कापडाखालची खुर्ची

मी श्रीलंकेतल्या गॉलच्या किल्ल्यातली एक जुनी खुर्ची बोलतेय. फणसाच्या लाकडाची, वेताच्या बैठकीची, लांब हातांची. आजवर माझ्यावर बसून लोकांनी पुष्कळ बडबड केली, आज जरा माझं ऐका.

मला घडवलं सिमाव सिल्वा नावाच्या सुताराने. नाव पोर्तुगीजांनी ठेवलेलं, मजुरी डचांची आणि शिव्या मात्र अस्सल सिंहली. ज्या डच साहेबासाठी मी झाले, तो वर्षभरात तापाने गेला. मग इंग्रज आले. त्यांचा एक न्यायाधीश दुपारभर माझ्यावर घोरायचा आणि जाग आली की लोकांना तुरुंगात धाडायचा. त्याच्यानंतर मी लिलावातून पुन्हा डचांच्याच वंशजांकडे, स्पेल्डेविंड कुटुंबाकडे आले. आडनाव डच, बोलणं इंग्रजी, जेवण सिंहली अशी ती माणसं. सरकारी कारभार सिंहलीतून सुरू झाला तेव्हा त्यांचा धीर सुटला. पेट्या भरून ती बोटीने ऑस्ट्रेलियाला गेली. घर विमलसेन मास्तरांनी घेतलं आणि घराबरोबर मीही त्यांची झाले.

मास्तरांची बायको गुणवती, मुलगा जानक, धाकटी निलमिनी. जानक कॉलेजातून आला की माझ्या लांब हातांवर पाय टाकून वाचत पडायचा आणि आईची बोलणी खायचा. इतक्या साहेबांनी मला वापरलं, पण माझा जीव जडला तो त्या पोरावर.

मग ते वाईट साल आलं. पोरांनी सरकारविरुद्ध बंड केलं आणि बंडात असलेली-नसलेली सगळीच पोरं उचलली जाऊ लागली. एका दुपारी तीन माणसं आली. जानक माझ्यावरच बसला होता. त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं. दोन प्रश्न विचारून सोडतो म्हणाले.

जानकला जिथे ठेवलं होतं तिथून सुटलेला एक जण दोन वर्षांनी मास्तरांकडे आला. गुणवती बाजारात गेली होती. जानक तिसऱ्याच दिवशी संपला, मी डोळ्यांनी पाहिलं, असं त्याने खालच्या आवाजात सांगितलं. मास्तर माझ्यावर बसले होते. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. ते एवढंच बोलले, "हिला सांगू नकोस."

त्यांनीही कधी सांगितलं नाही. अधूनमधून नुसतं म्हणायचे, जानकच्या नावाने दान करून टाकू या, गेलेल्यांसाठी भिक्खूंना जेवू घालतात ते. गुणवती उसळायची. जित्या पोराचं दान करतं का कुणी? मास्तर विषय बदलायचे. पुढे तेही गेले, आणि ती गोष्ट या घरात एकट्या माझ्याकडे राहिली.

हामुदुरू, म्हणजे आमचे भिक्खू, दानाला घरी आले की त्यांच्या खुर्चीवर धुतलेलं पांढरं कापड अंथरतात. घरची माणसं खाली चटईवर बसतात. मास्तरांच्या दानाला गुणवतीने मला हात लावू दिला नाही. ही जानकची, हिच्यावर पांढरं पडायचं नाही, असं म्हणून तिने शेजारची खुर्ची मागून आणवली.

निलमिनी आता अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. तिला स्थळं आली तेव्हा आईचं एकच उत्तर, दादा आल्यावर बघू. घराचं दार दिवसा कधी लावलं नाही. चार दिवस कुठे गावाला जाणं नाही. दादा मेला असेल, असं म्हणायची त्या मुलीची छाती झाली नाही.

आणि यंदा गुणवती आपणहून बोलली. "तो खरंच गेला असेल ना, निलू, तर एकतीस वर्षं उपाशी आहे गं. मी त्याला घासभर भात दिलेला नाही." गेलेल्याच्या नावाने हामुदुरूंना जेवू घातलं नाही, तर तो भुकेला भटकतो असं आमच्याकडे मानतात. निलमिनीने लगेच रविवार ठरवला. आई पुन्हा बदलेल, या धास्तीने ती तीन दिवस नीट जेवलीही नाही.

रविवारी सकाळी चुलीवर कोवळ्या फणसाचं कालवण रटरटत होतं. निलमिनीने माझ्यावर पांढरं कापड अंथरलं. खरं सांगते, मला हलकं वाटलं.

तेवढ्यात उघड्या दारातून एक पाहुणा आत आला. पन्नाशीचा, घामाघूम, गळ्यात कॅमेरा. डॅरेल स्पेल्डेविंड, मेलबर्नहून आजीचं घर बघायला आलेला. त्याने माझ्या हाताखाली कोरलेली आजीच्या नावाची अक्षरं बोटांनी चाचपली, त्याला रडू फुटलं, आणि तो धपकन माझ्यावर बसला. हामुदुरूंच्या कापडावर! निलमिनी धावली. तो बिचारा दचकून उठला आणि माफी मागत सुटला.

गुणवती न्हाऊन बाहेर आली. ती चिडेल असं मला वाटलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"किती वर्षांनी आला, विचार त्याला."

निलमिनीने इंग्रजीत विचारलं आणि भोळेपणाने सांगूनही टाकलं. "बासष्ट."

गुणवतीने कापड ओढून काढलं आणि सावकाश घडी घातली. "बासष्ट वर्षांनी माणसं परत येतात. माझ्या पोराला तर निम्मीच झालीत."

"अम्मा, गेली ती याची आजी. ती कुठे आली परत? हा नातू आहे."

"घराकडे पाय वळलेच ना? आजचं दान तुझ्या तात्तांच्या नावाने होऊ दे. जा, शेजारची खुर्ची आण."

 निलमिनी खुर्ची आणायला गेली.

डॅरेलला माझ्यावर बसवून चहा दिला. केवढा मान केला म्हणून तो आतून सुखावला. पलीकडे हामुदुरू जेवले. वाटी भरून वाहीपर्यंत पाणी ओतून पुण्य दिलं गेलं, ते मास्तरांना. निलमिनीने पाणी ओतलं. तिचे ओठ हलले, पण दुसरं नाव बाहेर आलं नाही.

पाहुण्यांनो, तुम्ही आपली जुनी घरं शोधत आमच्या बेटावर येता. जरूर या. पण एखाद्या म्हातारीने किती वर्षांनी आलात असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी तिच्या तोंडाकडे नीट बघा. मला गुणवतीशी बोलता आलं असतं तरी तिला काय सांगितलं असतं, कोण जाणे. एवढंच कळतं की कालवण चांगलं झालं होतं, सगळे पोटभर जेवले, आणि माझा जानक उपाशी राहिला.