इमाम जामिनाचा हिरवा पैसा

शुक्रवारची नमाज आटोपली की कुवेतमधल्या अबू हलीफातल्या आमच्या कोकणी खोल्यांच्या अंगणात पीर म्हणवणाऱ्या कमालशहाभोवती माणसांचं कडं पडायचं. मागचे चवड्यांवर उभे राहायचे. कमालशहा एखाद्याच्या दंडावरची कापडाची पट्टी सोडायचा, आतून बुरसटलेला हिरवा पैसा काढायचा आणि तो वर धरून डोळे मिटायचा.

"ज्या हातानं बांधला, तो हात पाक राहिला नाही," तो हळहळून म्हणायचा. "पैसा बोलतोय, मियाँ. मी नाही बोलत."

मग तो पैसा मंतरलेल्या काळपट पाण्याच्या वाडग्यात बुडवायचा आणि अंगठ्यानं चोळायचा. पैसा लालबुंद होऊन चमकायचा. लोक 'सुभानअल्ला' म्हणायचे आणि नजराणा ठेवायचे. महिन्याभरात पैसा पुन्हा हिरवा व्हायचा, म्हणजे पुन्हा नजराणा. साल अठ्ठावन्न. हीच माणसं आठवडाभर तेल कंपनीत वाफेचे दाब मोजायची, पाइप जोडायची. शुक्रवारी मात्र चपलांबरोबर अक्कलही अंगणाबाहेर काढून ठेवायची.

आमच्याकडे माणूस बोटीत चढायला निघाला की घरची बाई त्याच्या दंडावर इमाम जामिन बांधते, म्हणजे कापडाच्या पट्टीत एक नाणं. सुखरूप पोचल्यावर ते सोडून दान करायचं असतं. पण इथं आलेल्यांपैकी कोणालाच आपण पोचलो असं वाटत नव्हतं. त्यामुळे त्या पट्ट्या वर्षानुवर्षं दंडावरच राहायच्या, त्याच घामात, त्याच खाऱ्या दमट हवेत.

यूसुफ वेल्डरनंही सोडली नव्हती. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच तो इकडे आला होता. पट्टी बांधली होती त्याच्या बायकोनं, रुकय्यानं, आणि आत तिच्या आजीचा तराजूछाप जुना पैसा होता. न्यायाचा तराजू छापलेल्या त्या पैशावरूनच कमालशहानं ती वाईट चालीची असा निवाडा केला. त्या दिवसापासून यूसुफचं जेवण तुटलं. तीन दिवसांनी तो माझ्याकडे कोरा कागद घेऊन आला, कारण माझं अक्षर बरं.

"अशरफभाई, तलाक लिवून द्या. बुधवारच्या बोटीनं धाडतो."

मी काही बोलायच्या आत माझी बायको ताहिरा स्वयंपाकघरातून बाहेर आली. रत्नागिरीला मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. कुवेतला येऊन तिला दोनच महिने झाले होते.

"कशावरून तलाक, यूसुफभाई?"

"पैसा हिरवा झाला, भाबी. आता काय बोलायचा ऱ्हायला?"

"बाईवर आळ घ्यायला शरियतीत चार साक्षीदार लागतात. तुमच्या शहासाहेबांना एक पैसा पुरला?"

ताहिरानं डब्यातून दोन कोरे करकरीत पैसे काढले. "दोन बोटी जाऊ द्या. हा पैसा पट्टीत घालून तुम्ही स्वतः दंडावर बांधा. मी हातसुद्धा लावणार नाही. दुसरा कोरड्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या डबीत ठेवा आणि डबी तुमच्याच ट्रंकेत. मग बघू, पैसा काय बोलतो ते."

पुढच्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी ताहिरा अंगणात आली. बायामाणसं या बैठकीला येत नसत, म्हणून आधी कुजबुज झाली. तिच्या सांगण्यावरून यूसुफनं सगळ्यांसमोर डबी उघडली. आतला पैसा होता तसाच. मग त्यानं दंडावरची पट्टी सोडली. तो पैसा कडेनं हिरवा पडला होता.

"हा कोणी बांधला?" ताहिरानं विचारलं.

"मीच," यूसुफ म्हणाला.

"मग वाईट चालीचे कोण, तुम्ही?"

कोणीतरी फिसकन हसलं. कमालशहानं घसा खाकरला. "यात जिनाचा हात आहे. शिकलेल्या बायांना हे कळायचं नाही."

"खरंय," ताहिरा म्हणाली. "आम्हांला फक्त भांडी घासायचं कळतं." तिनं त्याच्या पुढ्यातला मंतरलेल्या पाण्याचा वाडगा उचलून पहिल्या रांगेतल्या माणसाच्या नाकाखाली धरला. "ओळखा."

त्यानं वास घेतला. वाडगा पुढच्याकडे गेला. एकेकाचा चेहरा पडत गेला. चिंच. सगळ्यांच्या आयांनी तांब्याचे हंडे जन्मभर चिंच-मिठानंच लखलखीत केले होते, पण या मर्दांपैकी एकानंही कधी हंडा घासला नव्हता. कमालशहाचा सगळा धंदा तेवढ्यावर चालला होता.

"घामातलं मीठ आणि ओल तांब्याला खातात, त्याचा हा हिरवा गंज," ताहिरा सांगू लागली. "चिंच वरचा गंज विरघळवते, पण मीठ आत राहतं. म्हणून महिन्यात पुन्हा हिरवा, आणि दर घासणीला छाप झिजतो तो वेगळाच. जुना पैसा जपायचा तर घासू नका. समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यातलं, वाफ थंड करून काढलेलं बिनमिठाचं पाणी आणा, त्यात तो भिजत ठेवा, पाणी रोज बदला. मीठ निघालं की पुरता सुकवा, वर मेणाचा पातळ हात द्या आणि कोरड्या कागदात ठेवा. त्याची तपकिरी साय खरवडू नका, ती त्याला राखते."

कमालशहाला आठवलं की त्याला कोणाकडे तरी जायचंय. तो वाडगा तिथंच टाकून निघाला. यूसुफ हातातल्या पैशाकडे बघून रडायला लागला. बुधवारच्या बोटीनं त्यानं रुकय्याला पत्र धाडलं. ते मीच लिहून दिलं, आणि ते तलाकचं नव्हतं.

अंगण रिकामं होत असताना आमच्याच खोल्यांमधला रियाज जागचा हलला नाही. तो शांतपणे म्हणाला, "भाबी, माजापण हिरवाच होता. मी गेल्या महिन्यातच तीनदा लिवून धाडला तलाक. माज्या बायकोला, शरीफाला, पोचलाय तो."

ताहिरा त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली.

मला त्या कमालशहाचा जेवढा राग येतो, तेवढाच आम्हां डोकी असलेल्यांचा येतो. आमच्यातला एकही जण इतकं साधं विचारू शकला नाही की डबीत ठेवलेला पैसा हिरवा का होत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर 'सुभानअल्ला' नंतर म्हणा. आधी विचारा, हात लावून बघा, वास घेऊन बघा, घरच्या बाईला दाखवा. अल्लानं अक्कल दिली ती वापरायला दिली. आम्ही ती वापरली नाही, आणि त्याची शिक्षा तिकडे माहेरच्या ओटीवर बसलेली शरीफा भोगते आहे.