बाहेर तोंड केलेल्या चपला

मोठ्या बाई गेल्या, तेव्हा शिंपीदादानं दुकान बंद केलं आणि शोकसभेसाठी बाईंच्या दोन खोल्यांत, शिवाय पार गल्लीच्या तोंडापर्यंत सतरंज्या अंथरल्या. चाळीस वर्षं प्राथमिक शाळा सांभाळलेल्या बाई. अख्खं गाव लोटणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. बायको म्हणाली, "अहो, शाळा बंद पडूनच बारा वर्षं झाली. कोण येतंय?" त्यानं तिला उडवून लावलं.

आले नऊजण.

त्याला आत बसवेना. तो उठून दाराशी गेला. चपला अस्ताव्यस्त पडल्या होत्या. मुख्याध्यापिका असूनही बाई रोज शाळा सुटायच्या आधी स्वतः वाकून पोरांच्या चपला जोडीनं लावायच्या, तोंडं बाहेर करून. "लेकरांना घरी जायची घाई असते रे," म्हणायच्या. पहिलीत त्याचा तुटलेला पट्टा त्यांनीच शिवून दिला होता, आणि पुढच्या वेळी तू शीव म्हणून सुई हातात ठेवली होती.

तोही वाकला आणि नऊही जोड तसेच लावले.

दहा मिनिटांत एकेकजण घड्याळ बघत उठला. पाय सरकवला की झालं. चप्पल शोधायच्या निमित्तानं दोन शब्द बोलायलाही कुणाला थांबावं लागलं नाही. गल्ली रिकामी झाली, तेव्हा कोपऱ्यात बाईंचा जोड दिसला, तोंड आत केलेला. तोही त्यानं फिरवून ठेवला आणि सतरंज्या गुंडाळायला घेतल्या.