गोजरबाईचं बरोबर उत्तर

काष्टीच्या बाजारात सूर्यभाननं उभी हयात बैलांची दलाली केली. म्हातारा बैल जवान म्हणून गळ्यात मारण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. म्हणूनच नगरच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या मालाची खोट आधीच सांगितली, तेव्हा त्याचा विश्वास बसला. चिरफाड नाही, भूल नाही. डोक्याला बाहेरून चुंबकाचे ठोके द्यायचे. अल्झायमर त्यानं बरा होत नाही. कुणाची आठवण थोडी तग धरते, कुणाची नाही. फरक दिसला तर पुढं चालवू, नाहीतर थांबवू.

त्याची बायको गोजरबाई खुर्चीत बसायची, यंत्र डोक्याशी टकटकायचं. सूर्यभानचं मागणं एवढंच, की तिनं आपल्याला ओळखावं.

चाचणीत त्याच्याकडं बोट करून "हे कोण?" विचारलं, की ती तोंडाला पदर लावून गप्प. डॉक्टरीणबाई शून्य गुण द्यायच्या आणि सूर्यभान मनात खूश व्हायचा. गोजरबाई त्याच्या सख्ख्या मामाची पोर. लहानपणी नावानं हाका मारायची, पण अक्षता पडल्या आणि ते नाव तिच्या तोंडून गेलं ते गेलंच. दुकानात सूर्यफुलाचं तेलसुद्धा ती 'उन्हाच्या फुलाचं' म्हणून मागायची. ती गप्प बसते म्हणजे नवऱ्याला ओळखते, हा त्याचा हिशेब. तो त्यानं कुणाला सांगितला नव्हता; पुरुषासारख्या पुरुषानं असलं काय सांगायचं?

आज पदर वर गेला नाही. तिनं त्याला नीट न्याहाळलं.

"ह्यो व्हय? सूर्यभान."

डॉक्टरीणबाई हरखल्या. लेक विजयमालेच्या डोळ्यांत पाणी आलं. पूर्ण गुण मिळाले, उपचार पुढं चालवायचं ठरलंसुद्धा.

सूर्यभान मात्र तिच्या खालीच राहिलेल्या पदराकडं बघत होता. खरं सांगावं तर उपचार बंद. मग उरलंसुरलंही जाणार. गप्प राहावं तर रोज इथं बसून परक्यासारखं आपलं नाव ऐकायचं. बाजारात असा सौदा त्यानं दुसऱ्याच्या गळ्यात मारला असता.

"आण्णा, बोला की कायतरी," विजयमाला म्हणाली.

"काय बोलू? हुशार झाली बाई."

गोजरबाई त्याच्याकडं झुकली. "आरं, आत्या वाट बघत असंल. जा की घरी."

आत्या म्हणजे त्याची आई. तिला जाऊन जमाना झाला होता.

"जातो," तो म्हणाला आणि तिला उठवायला त्यानं हात धरला. तिनं तो झटक्यात सोडवून घेतला आणि अंग चोरून भिंतीकडं सरकली. काष्टीची एसटी सुटायची वेळ झाली होती आणि दोघांना एकाच घरी जायचं होतं.